वेळासच्या काकूंचं देणं

सहलींची पत्रकं आणि ठिकाणांच्या जाहिराती लिहिणं हे माझं काम. गेली कितीतरी वर्षं पोट त्यावरच चालतंय. या कामातलं जे काही मला नीट येतं, ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या एका काकूंमुळे. आपलं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून देत नाही.

2010 साली मी पुण्यातल्या एका छोट्या सहल कंपनीत नवा होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरतो, एवढं मी वाचलं होतं. गाव पाहिलं नव्हतं. तरी पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं, ‘कासवाच्या पिल्लांचं हमखास दर्शन!’ बस भरली. मला फार बरं वाटलं होतं.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही बत्तीस जण वेळासला उतरलो. संध्याकाळी किनाऱ्यावर कासवमित्रांनी घरट्यांवरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या. खाली नुसती वाळू. रविवारी सकाळी पुन्हा तेच.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकूंच्या पडवीत लोक चिडले. फसवलंत, पैसे परत द्या, असं ते काकूंनाच म्हणू लागले. ती बोलणी मी खायला हवी होती. मी मागल्या दारी विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं, तरी आत गेलो नाही. ही गोष्ट मी अनेक वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

जेवणं उरकल्यावर काकूंनी माझ्याकडे पत्रक मागितलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. ‘हमखास’वर बोट ठेवून म्हणाल्या, “हे कुणाला विचारून लिहिलंत?”

मग त्या मला किनाऱ्यावरच्या कुंपणापाशी घेऊन गेल्या. जाळीच्या आत प्रत्येक खड्ड्याजवळ एक पाटी होती. तिच्यावर अंडी पुरल्याची तारीख आणि अंड्यांचा आकडा. एकीवर 112 लिहिलेलं आठवतं. मादी रात्री येऊन अंडी घालते आणि निघून जाते. कोल्ही-कुत्री ती उकरतात, पूर्वी माणसंही न्यायची. म्हणून कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून ती गोळा करतात आणि इथे तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू तापली तर लवकर, नाहीतर उशिरा.

“पंधरा दिवस मागेपुढे होतं हो,” काकू म्हणाल्या, “आणि तुम्ही दोन दिवसांसाठी माणसं आणलीत. खरं सांगितलं असतंत तर काही जणं आली नसती. चाललं असतं आम्हाला.”

त्यानंतर वेळासचा मजकूर मी दर हंगामात त्यांना फोनवर वाचून दाखवू लागलो. ‘पिल्लं दिसतीलच असं नाही’ हे वाक्य पहिल्या ओळीत गेलं. झोपायला जमिनीवर गाद्या, जेवायला घरात शिजेल ते, हेही त्यांनीच घालायला लावलं. पहिल्या वर्षी बस अर्धीच भरली आणि मालक माझ्यावर नाराज झाले. पुढे कास पठाराचं काम आलं, तेव्हा ‘फुलांचा गालिचा’ लिहिण्याआधी मी साताऱ्याला फोन करून विचारलं, कुठली फुलं आलीत, किती आलीत. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे मला तेव्हा कळलं. विचारायची सवय वेळासची होती.

खूप वर्षांनी कंपनीचे जुने कागद आवरताना त्या सहलीचा हिशेब हाती आला. काकूंनी बत्तीस माणसांचे निम्मेच पैसे घेतले होते. उरलेले लोकांना परत दिले होते आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. रक्कम घेऊन मी वेळासला गेलो. त्यांनी पाकिटाला हातही लावला नाही.

“पैसे राहू देत,” आता त्या मला अरे-तुरे करत होत्या. “तुला लिहिता येतं ना? मग किनाऱ्यासाठी एक पाटी लिहून दे. लोक अंधारात टॉर्च लावतात, पिल्लं उजेडाकडे वळतात.”

मी ओटीवर बसून पाच ओळी लिहिल्या. सागराचे इवलेसे पाहुणे वगैरे. काकूंनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि वरच्या चार ओळींवर काट मारली. उरलं ते एवढंच: टॉर्च लावू नये. पिल्लांना हात लावू नये.

थोडा वेळ कागदाकडे बघत बसल्या. मग खाली स्वतःच्या अक्षरात त्यांनी आणखी एक ओळ घातली: आज दिसली नाहीत तर उद्या यावे.