दुसऱ्याच्या घरातले पाचारण

राखेच्या बुधवारी कपाळावर क्रूस घेऊन आम्ही परतलो, की वसईतल्या आमच्या घरात उपवासकाळ सुरू होतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख केलेली असते. रविवार वगळून चाळीस दिवस सामिष बंद, शुक्रवारी क्रुसाची वाट, आणि बाजारहाटातून वाचलेले पैसे गरजूंसाठी दानपेटीत. आम्ही उभयता मराठीचे प्राध्यापक. त्याग या विषयावर आम्हांला बरे बोलता येते.

याच काळात, आणि एरवीही, मिस्सामध्ये आम्ही एक प्रार्थना करीत आलो : तरुणांना धर्मगुरू, धर्मभगिनी होण्याचे पाचारण लाभो. तिला आम्ही नेहमी खणखणीत प्रतिसाद दिला. यंदा उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या एकुलत्या एका लेकीने जेवता जेवता सांगितले, की पदवी झाल्यावर तिला धर्मभगिनी व्हायचे आहे. रुग्णसेवा करणाऱ्या संघात जायचे आहे. आम्ही दोघेही भात कालवीत राहिलो. प्रार्थना फळाला आली होती. फक्त घर चुकले होते, असे आम्हांला वाटले.

मग आम्ही शहाणी माणसे बोलतो तसे बोललो. सेवा काय, डॉक्टर होऊनही करता येते. संसारी माणसालाही पाचारण असतेच. शिकवणे हेही एक पाचारण. यातले काहीही खोटे नव्हते. खोटा होता तो आमचा हेतू. खरी वाक्ये आम्ही कुंपणासारखी वापरीत होतो. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग दर रविवारी तुम्ही कुणाची मुलं मागत होता?"

वर्गात आम्ही कित्येक वर्षे फादर स्टीफन्स शिकवीत आहोत. १५७९ साली हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला, इथली भाषा त्याने आपली केली, 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये ते छापले गेले. १६१९ साली तो गोव्यातच वारला. मायदेशी परतला नाही. गोव्यास पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्याने लंडनला वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले होते. त्या पत्राची तारीख आम्ही विद्यार्थ्यांना न चुकता सांगत आलो. पत्र ज्याच्या हाती पडले, त्या व्यापारी बापाचा विचार मात्र आमच्या मनात कधी आला नाही. आपल्या भाषेला लाभलेले ते पुराण कुणाच्या तरी रिकाम्या झालेल्या घरातून आले होते, हे समजायला आम्हांला आमचेच घर रिकामे होण्याची भीती वाटावी लागली.

लेकीला आम्ही अद्याप होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. तिचे पाचारण खरे की तारुण्याचा उमाळा, हे पारखायला संघातही काही वर्षे लागतात. व्रते लगेच देत नाहीत. तेवढा अवधी तिला आहे, आणि आम्हांलाही. सामिष सोडणे सोपे होते, कारण काय सोडायचे ते आम्हीच ठरवीत होतो.

गेल्या रविवारी पुन्हा ती प्रार्थना आली. लेक आमच्या मधोमध उभी होती. प्रतिसाद देताना आमचा आवाज फार बारीक निघाला. पण दिला.