घोरपडीची पकड

परवा पिंपळनेरला आमच्या गल्लीत एकच गलका झाला. पांझरेच्या काठाकडून आलेली एक घोरपड आमच्या परसातल्या दगडी भिंतीच्या फटीत शिरली होती. क्षणात काठ्या निघाल्या. माझ्याही हातात एक होती, हे कबूल केले पाहिजे.

"शेपटी धरून ओढा!" कुणीतरी ओरडले. पण ती हलेल तर शपथ! अंग फुगवून, नख्या रोवून ती घट्ट बसली. शेजारच्या मुलाने विचारले, "सर, हिच्याच शेपटीला दोर बांधून मावळे सिंहगड चढले ना?" 1670 सालच्या स्वारीतली यशवंती घोरपड ही आख्यायिकाच, पण वर्गात मी ती दरवर्षी रंगवून सांगतो. मी मुकाट्याने काठी पाठीमागे लपवली.

मला डार्विन आठवला. 1835 साली पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर त्याने समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारे सरडे पाहिले. अंगातले जादा मीठ हे प्राणी नाकावाटे शिंकरून टाकतात. उपासमारीच्या वर्षी त्यांची लांबीसुद्धा घटते! डार्विनने एकाला पुन्हा पुन्हा पाण्यात फेकले. तो दर वेळी डार्विनच उभा होता त्या काठावर परत आला. त्याचा पिढीजात वैरी, शार्क मासा, पाण्यात. किनारा म्हणजे त्याचे माहेर! पुढे त्या माहेरी माणसाने कुत्री-मांजरे नेली. 2001 साली एका जहाजातून सांडलेल्या तेलाचा थोडासा अंश सांता फे बेटाला लागला, आणि वर्षभरात तिथले सुमारे 62 टक्के सरडे मेले.

आमची घोरपड इतकी भोळी नाही. ती माणसाला पुरती ओळखते. 1972 च्या कायद्याचे तिला वाघाइतकेच संरक्षण आहे. तरीही मांसासाठी, तेलासाठी, कातड्यासाठी तिला मारतात. नराचे वाळवलेले जननेंद्रिय तर 'हत्ताजोडी' नावाची दैवी मुळी म्हणून खपवतात.

मी सर्वांना घरी पाठवले. उन्हे उतरता परसात शांतता झाली, तेव्हा ती हळूच बाहेर आली आणि नदीकडे निघून गेली.

जिच्या पकडीचे कौतुक मी वर्गात इतकी वर्षे करीत आलो, तिला त्या दिवशी फट घट्ट धरायला लावणारा मीच होतो. यंदा सिंहगडाची गोष्ट सांगताना हेही सांगावे लागेल.