कावेरीच्या कांठचा महाशीर

बंगळूरहून कनकपुऱ्याच्या वाटेनें दक्षिणेस गेलें म्हणजे कावेरी व अर्कावती यांचा संगम लागतो. यात्रेकरू तेथें स्नान करितात, खालच्या अंगास मेकेदाटूची अरुंद घळ पाहतात आणि परततात. मेकेदाटु म्हणजे कानडींत ‘बोकडाची उडी’. परंतु संगमाच्या वरच्या बाजूस अरण्यांत गाळीबोरे म्हणून एक ठिकाण आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाहीं. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास असल्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत मला तें पाहावयास सांपडलें. अर्जुनवृक्षांच्या दाट छायेखालीं नदी तेथें कधीं खडकांतून गर्जत, तर कधीं खोल डोहांत निःशब्द वाहते.

या डोहांचें वैभव म्हणजे महाशीर मासा. ज्याच्या घरीं मत्स्याहार नाहीं त्यानें हा विषय कां काढावा, असें कोणी विचारील. त्यांस इतकेंच सांगतों कीं, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ रचिला, त्यांत गळानें मासे धरण्याच्या क्रीडेस ‘मत्स्यविनोद’ या नांवानें स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. पुढें इंग्रज अंमलदारांनीं हीच क्रीडा मोठ्या हौसेनें चालविली. कावेरीस मिळणाऱ्या कबिनी नदींत १९४६ सालीं १२० पौंडांचा महाशीर गळास लागला होता. गंमत अशी कीं, या बलाढ्य माशास आमिष लागतें तें आपल्या नाचणीच्या उंड्याचें!

गाळीबोऱ्यास नियम असा होता कीं, मासा धरावा, तोलावा आणि जिवंत पाण्यांत सोडावा. कोणी किती तास गळ टाकला, किती मासे लागले, प्रत्येकाचें वजन काय, हें वहींत टिपलें जाई. वाहत्या नदींतील मासे मोजावयाचे कसे, या प्रश्नाचें उत्तर त्या वह्यांत होतें. दर तासास लागणारे मासे वर्षानुवर्षें ताडून पाहिले, तर पाण्याखालीं संख्या वाढते कीं घटते याचा अंदाज येतो. आणि वजनांवरून लहान पिलें किती व जुने मासे किती, हें कळतें. १९९८ ते २०१२ या काळांतील नोंदी अभ्यासकांनीं तपासल्या. सुमारें सात किलोमीटरांच्या पात्रांत २३,६२० तासांच्या गळटाकीत ६,१६१ महाशीर लागले होते. दर तासाची संख्या चढत गेली होती आणि सरासरी वजन उतरत गेलें होतें. म्हणजे पिलें भरपूर. नदी निरोगी आहे, असेंच कोणीहि म्हणालें असतें.

पण हे सारे मासे एका जातीचे नव्हते. कावेरीचा मूळचा महाशीर नारिंगी परांचा व पाठीवर उंचवटा असलेला. वाढत्या संख्येंत भरणा होता तो निळसर परांच्या दुसऱ्या जातीचा. मूळच्या माशाची नोंद विरळ होत गेली, आणि जे थोडे लागले ते बहुतेक मोठे, वयस्क. त्यांचीं पिलें जवळजवळ दिसेनाशीं झालीं होतीं. शाळेचा पट वाढला म्हणून तपासनीस संतुष्ट व्हावा, आणि गांवचीं मुलें वर्गांत उरलीं आहेत कीं नाहींत हें कोणी पाहूंच नये, तसा हा प्रकार.

तो निळ्या परांचा पाहुणा कोठला म्हणाल, तर आपल्याकडचा! कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं पुण्याच्या मुळामुठेंतील माशाचें वर्णन करून त्यास ‘खुद्री’ हें नांव दिलें, तोच हा. लोणावळ्यास वळवणच्या तलावाकांठीं टाटांच्या वीजकंपनीनें त्याची पैदास करून पिलें देशभरच्या नद्यांस पुरविलीं. त्यांतलीं कावेरींतहि सुटलीं. हेतु निःसंशय चांगला होता. तरी एका नदीचें लेकरूं दुसऱ्या नदीच्या पदरीं घालतांना तिचीं स्वतःचीं लेंकरें मोजून ठेवावयास हवीं होतीं, असें मला वाटल्यावांचून राहत नाहीं.

याहून नवलाची गोष्ट नांवाची. इतका विख्यात मासा, पण शास्त्रांत त्याचें नांव निश्चित नव्हतें. आणि नांवावांचून संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादींत त्याला जागा मिळेना. निलगिरीच्या पायथ्याची मोयार नदी भवानीस मिळून शेवटीं कावेरींतच येते. त्या मोयारींत सांपडलेल्या माशांवरून २०१८ सालीं ठरलें कीं, २००७ सालीं केरळांतील पांबार नदीवरून वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. त्याच वर्षीं त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली.

गाळीबोऱ्याची गळक्रीडा २०१२ सालींच बंद पडली होती. अभयारण्यांत मासे धरणें वन्यजीव कायद्यांत बसत नाहीं, असा अर्थ लावला गेला. कायद्याचें बरोबरच असेल. मात्र त्याबरोबर वह्याहि मिटल्या. पूर्वीं गळवाल्यांबरोबर हिंडलेला एक वाटाड्या मला भेटला. डोहांत मासे पुष्कळ आहेत का, असें विचारतां त्यानें उलट विचारलें, “कोणते, स्वामी?” मग उंचवट्याचा मासा शेवटचा केव्हां पाहिलास, असें मीं विचारलें. तो बराच वेळ बोटांवर वर्षें मोजीत राहिला.