पंपवाल्याचा धबधबा

आमच्या घरात पावसाचं कौतुक कधीच झालं नाही. पहिला पाऊस पडला की शेजारीपाजारी अंगणात येऊन मातीचा वास घ्यायचे, आणि आमचे बाबा आभाळाकडे पाहून म्हणायचे, "आता नाइटला बोलावतीन." बाबा उमरेडच्या कोळसा खाणीत पंपावर होते. १९७६ साली लागले, २००९ ला निवृत्त झाले. तेहतीस पावसाळे त्यांनी पाणी उपसण्यात घालवले.

ज्यांनी उघडी खाण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उमरेडची खाण म्हणजे जमिनीखालचे बोगदे नव्हेत. वरून खोदत खोदत नेलेला, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारा भला मोठा खड्डा. पाऊस पडला की या सगळ्या पायऱ्यांवरून पाणी वाहत जातं आणि सगळ्यात खोल जागी जमतं. त्या डबक्याला खाणीत 'संप' म्हणतात. (दादाला बरीच वर्षं वाटायचं की बाबांच्या खाणीत दर पावसाळ्यात कामगारांचा संप होतो!) या संपात पंप तरंगत ठेवलेले असतात आणि ते पाणी पाइपातून वर, खाणीबाहेर फेकायचं असतं. ते थांबलं की खाली कोळसा काढणं थांबलं.

बाबांनी आम्हाला गणित शिकवलं तेही याच पाण्यावर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग एक चौरस किलोमीटरच्या खड्ड्यावर शंभर मिलिमीटर पडला तर किती? दहा कोटी लिटर! मिनिटाला हजार गॅलन फेकणारा एक पंप दिवसरात्र चालवला तर तेवढं पाणी काढायला पंधरा दिवस लागतात. आणि मधल्या पंधरा दिवसांत पाऊस काय हात बांधून बसणार आहे? आमच्या वर्गातली मुलं नफा-तोटा आणि आगगाडीची गणितं करत होती तेव्हा आम्ही दोघं भावंडं हे करत होतो.

त्यांच्या या धास्तीला आणखी एक कारण होतं. ते नोकरीला लागले त्याच्या काही महिनेच आधी, २७ डिसेंबर १९७५ ला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं होतं. जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि ३७५ माणसं गेली. 'काला पत्थर' आला तो त्यानंतर, १९७९ मध्ये, आणि लोकांनी अमिताभसाठी पाहिला. बाबांनी एकदा पाहिला आणि पुन्हा टीव्हीवर लागला की उठून बाहेर जायचे. आता चासनाला भूमिगत खाण आणि उमरेडची उघडी, दोन्हींत फार फरक आहे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण पाणी ते पाणी.

त्यामुळे पावसाळी सहल ही गोष्ट आमच्या लहानपणी नव्हतीच. मकरधोकड्याचा तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की अर्धं उमरेड तिकडे लोटायचं. वर्गातल्या मुली सोमवारी येऊन सांगायच्या, कसं भिजलो, कसं घसरलो. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी बाबा एकतर ड्युटीवर, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले. आईला विचारलं तर एकच उत्तर, "तुझ्या बाबाले विचार." आणि बाबांना विचारायची सोय नव्हती.

तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी राखीसाठी पुण्याहून उमरेडला गेले होते. लेक बरोबर होती. बारा वर्षांची, सोसायटीच्या टँकमध्ये तीन उन्हाळे पोहलेली, तेव्हा पाण्याच्या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजणारी. राखी सोमवारी होती, म्हणून दादाने रविवारचा बेत काढला. मुलांचं म्हणणं वॉटरपार्कला जाऊ. दादाचं म्हणणं मुक्ताईला जाऊ, आपल्या भागातला खरा धबधबा मुलांनी पाहिलेला नाही. आई दोन्हीच्या विरोधात. ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिला होता. एकमेकांना धरून पाण्याच्या मधोमध उभी असलेली ती माणसं... तुम्हीही पाहिला असेल. ती म्हणाली, "मले नाही पाहायचा धबधबा आता."

आणि बाबा म्हणाले, "मी येतो."

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहतच राहिलो. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा पाणी पाहायला स्वतःहून निघाला होता! वर म्हणाले, "डिकीत दोरी ठेव रे." आई मग निमूट पुऱ्या लाटायला बसली. बाबा जाणार आणि ती घरी राहणार, हे शक्यच नव्हतं.

उमरेडहून भिसीच्या रस्त्याने निघालं की दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, मधूनच धानाची बांधी. भिसीवरून शंकरपूरकडे वळायचं आणि पुढे डोमा गाव. चिमूर तालुका, म्हणजे जिल्हा चंद्रपूर. डोम्याचं मुक्ताई हे माना समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे. लोक आधी देवीला येतात, मग धबधबा पाहतात. निदान पूर्वी तरी असंच होतं. हल्ली पावसाळ्यातल्या रविवारी नागपूरपासूनच्या गाड्या तिथे लागलेल्या असतात आणि देवीपुढे कमी, पाण्यापुढे जास्त रांग असते. नारळ फोडला, पाया पडलो आणि आवाजाच्या दिशेने निघालो.

धबधब्याचं वर्णन मी करणार नाही. ते फोटोत बरं दिसतं. सांगायचं ते बाबांबद्दल. आम्ही सगळे वर पाहत होतो, धार कुठून पडते, किती उंच आहे... आणि बाबा खाली पाहत होते. पाणी पडून जातं कुठे, ते. पाच-सात मिनिटं ते नुसते काठाकाठाने फिरले. मग मोठ्या धारेखालच्या डोहाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं कोणी नाही उतरायचं."

लेक म्हणाली, "आजोबा, मला येतं पोहायला. दहा फुटांत पण पोहते मी."

"अवं बेटा, पाणी पाह्य ना. पांढरं आहे. फेस आहे त्याच्यात. फेसाचं पाणी पंपही नाही उचलत. हवा धरतो. तुले काय उचलणार ते?"

तिला ते पटलं की नाही ठाऊक नाही, मला मात्र लख्ख कळलं. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून ते हलकं होतं आणि माणूस त्यात नेहमीसारखा तरंगत नाही, वर धार पुन्हा पुन्हा खाली दाबत राहते. चांगले पोहणारे धबधब्याखाली बुडतात ते याचमुळे. हे मी कुठेतरी वाचलं होतं. बाबांनी वाचलेलं नव्हतं. त्यांनी तेहतीस वर्षं पंपाचा आवाज बदलताना ऐकला होता.

धारेपासून बरंच खाली, एका बाजूला, खडकांच्या आडोशाला एक लहान डोह होता. पाणी तिथे येऊन जरा विसावायचं आणि पुढे जायचं. बाबांनी दोरीला दगड बांधला, हात हात अंतरावर गाठी मारल्या आणि डोह मोजायला घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर दोन पावलांवर दोरी सोडायची, गाठी मोजायच्या. लेकीला एव्हाना मजा वाटायला लागली होती, ती आकडे पाठ करत होती. टँकमध्ये हे सगळं भिंतीवर रंगवलेलं असतं, तीन फूट, पाच फूट. फरशी निळी, तळ दिसतो, काठावर शिट्टीवाले सर. इथे तळ दिसत नाही, आणि गुडघाभर पाणी दोन पावलांत छातीला लागतं. त्यांनी दोन खडक दाखवले. या खडकापासून त्या खडकापर्यंत तुझं. पलीकडे नाही.

शेवटी एक चपटा दगड घेऊन तो पाण्याच्या अगदी काठावर ठेवला. दगड कोरडा, पाणी त्याच्यापासून चार बोटं खाली.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"संपावर पट्टी राहते. इथं हा आहे. वर कुठं पडला तर आपल्याले इथं ऊनच दिसन. हा भिजला का निघायचं, मंग कोणी काही म्हणो."

मग लेक आणि भाचा उतरले. दादा उतरला. मी साडीचा ओचा सावरत गुडघ्यापर्यंत. आई दगडाजवळच बसली, डबे तिने मांडीशी घेतले. बाबा काठावर उभे.

थोड्या वेळाने लेक म्हणाली, "आजोबा, तुम्ही या ना."

"मले नाही येत."

"काय नाही येत?"

"पोहणं."

इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. दादालाही नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं, कारण पाण्यातला माणूस म्हणजे त्याला पोहता येणारच, असं धरून चाललो होतो. मी म्हटलं, "बाबा, अहो तुम्ही रात्री-बेरात्री त्या पाँटूनवर चढायचे, पायाखाली एवढं पाणी..."

"मंग? पाणी काढाले होतो मी. पोहाले थोडीच होतो."

आईने डब्यांवरून मान वर केली. म्हणाली, "मले माहीत होतं." एवढंच. प्रत्येक रात्रपाळीला ती पहाटेपर्यंत जागी असायची, याचा अर्थ मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या काठावर लागला.

लेकीने मात्र विषय सोडला नाही. ती आता सर झाली होती. आजोबांना हाताला धरून तिने आत आणलं, बनियान आणि हाफपँटवर. कमरेइतक्या पाण्यात उभं केलं. "आता मागे झुका. मी मानेखाली हात धरते. पोट वर काढा. नाही, पाय ताठ नका करू, सोडून द्या. कान पाण्यात जाऊ देत, काही होत नाही." दादा दुसऱ्या बाजूला, पाठीखाली हात लावून. पहिल्या वेळी बाबा झटक्यात उभे राहिले. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी त्यांचे कान पाण्यात गेले आणि चेहऱ्यावर असं काही आलं की मी मोबाइल काढला आणि फोटो न काढता तसाच परत ठेवला. किती वेळ तरंगले? पंधरा सेकंद, फार तर वीस. डोळे मिटलेले होते. पाणी उपसायचं नव्हतं, मोजायचं नव्हतं, नुसतं पाठीखाली होतं.

उभे राहिल्यावर म्हणाले, "आत पंपासारखा आवाज येते." आणि पुन्हा झुकले.

पाचव्या की सहाव्या खेपेला आईची हाक आली. "अहो! दगड भिजला."

आम्ही सगळे तिकडे वळलो. वर ऊन होतं, ढगही फारसे नव्हते. पाणी दगडाच्या खालच्या कडेला लागलं होतं, आणि रंग, नीट पाहिलं तर, मघापेक्षा जरा चहासारखा झाला होता. दोन-चार पानं, काड्या वाहत आल्या. बाबा क्षणात पूर्वीचे झाले. "निघा. भाचा पहिले. चप्पल राहू दे, मी घेतो." दोन मिनिटांत आम्ही सगळे वर, खडकावर. मोठ्या धारेखाली आठ-दहा पोरं नाचत होती. बाबांनी त्यांना दोनदा हाक मारली, हाताने खुणा केल्या. एकाने हात हलवून दाखवला, बाकीच्यांनी पाहिलंही नाही. मग बाबा मंदिराजवळ उभ्या असलेल्या गावच्या माणसांना जाऊन सांगून आले. त्यांच्यातले दोघं खाली उतरले. आम्ही वर बसून पुऱ्या आणि आलूची भाजी खाल्ली. आई दगडाकडे पाहत होती. अर्ध्या तासात पाणी आणखी वीतभर चढलं, तो दगड दिसेनासा झाला, आणि मग तेवढ्यावरच थांबलं. पोरं तोपर्यंत वैतागत का होईना, कडेला आली होती. कोणी वाहून गेलं नाही, काही झालं नाही. घरी निघालो तेव्हा त्यांतली निम्मी पुन्हा पाण्यात शिरली होती.

गाडीत लेक फुगून बसली होती. तिच्या मते अजून तासभर सहज मिळाला असता. शेवटी न राहवून म्हणाली, "आजोबा, बघा, काहीच झालं नाही ना!"

"हो ना," बाबा म्हणाले, "नाही झालं." आणि दादाला म्हणाले, काच वर कर, कानात पाणी गेलं आहे.

भिसीला थांबून चहा घेतला. गरम आलूभजी निघत होती. लेकीने दोन प्लेटी संपवल्या आणि तिसऱ्या प्लेटीला तिचा राग गेला. तेव्हा ती आजोबांना समजावत होती की तरंगताना श्वास कसा धरायचा, आणि ते भज्याचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होते.