पुसलेल्या टेपा आणि सॅन्डी डेनीचा आवाज

इंग्रज गायिकेच्या रेडिओवरील गाण्यांशी आपला काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतील. जरूर विचारावे. सॅन्डी डेनी ही लंडनची फोक-रॉक गायिका. स्वतः गाणी लिहायची, चाली लावायची. उमेदीच्या काळात तिने रुग्णालयात नर्सिंगचे कामही केले. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे ‘मेलडी मेकर’च्या वाचकांनी तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका ठरवले. १९७८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ती गेली.

तिचे अल्बम आम्ही ऐकले आहेत. पुढच्या काही अल्बममध्ये व्हायोलिनचा ताफा इतका दाटतो की बाईचा आवाज शोधावा लागतो. बीबीसी रेडिओसाठी १९७१ ते १९७३ दरम्यान तिने एकटीने केलेली ध्वनिमुद्रणे मात्र वेगळी आहेत. पियानो किंवा गिटार, आणि ती. बस्स. ओळ संपताना घेतलेला श्वासही ऐकू येतो. आमच्या मते खरी सॅन्डी तिथेच भेटते.

ही ध्वनिमुद्रणे झाली तरी का? त्या काळी बीबीसीला रेडिओवर तयार रेकॉर्ड किती तास वाजवायच्या, यावर बंधन होते. वादकांच्या युनियनचा आग्रह होता, रेकॉर्ड कंपन्यांशी करार होते. उरलेला वेळ भरायला कलाकारांना स्टुडिओत बोलवावे लागे, मोबदला द्यावा लागे. कामगारांची संघटना पोटाच्या प्रश्नावर अडून बसली, त्यातून हा ठेवा जन्मला. संघटनेमुळे कलेचे नुकसान होते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

पण याच बीबीसीने कित्येक टेपा पुसून त्यांवर दुसरे काही भरले. टेप महाग, कपाटे अपुरी, आणि हे पुढे कुणी ऐकेल असे साहेबांना वाटले नाही. १९९७ मध्ये तिच्या बीबीसी ध्वनिमुद्रणांची सीडी निघाली, तीही हक्कांच्या वादात लगेच मागे घेतली गेली. २००७ मध्ये मोठा संच आला. त्यातली काही गाणी श्रोत्यांनी घरच्या रेडिओवरून टेप केली होती म्हणून उरली. खरखर आहे, पण गाणे आहे.

याच बीबीसीने १९५५ मध्ये बाबासाहेबांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. ती टेप उरली, म्हणून गांधींविषयीचे त्यांचे परखड बोल आज तुम्ही-आम्ही त्यांच्याच आवाजात ऐकतो. ती पुसली गेली असती तर?

सॅन्डीला निदान मायक्रोफोन मिळाला होता. वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. वस्त्यांमधले किती गायक असेच गाऊन गेले, त्यांची कोणत्याही सरकारी कपाटात नोंद नाही. त्यांचे आवाज असलेच तर कुणाच्या तरी घरी, माळ्यावरच्या पिशवीत, बुरशी धरलेल्या कॅसेटमध्ये आहेत. सरकारकडे संग्रहालय मागायचे ते मागूच, पण निवेदनाला उत्तर येईपर्यंत फीत थांबत नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, येत्या रविवारी घरातली पिशवी खाली काढा. आजीला, काकाला विचारा: हा आवाज कुणाचा, कार्यक्रम कुठला, साल कोणते? ते कॅसेटवर लिहा. आणि कॅसेटच्या कडेचे ते दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे आधी मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही भरले जाणार नाही.

जय भीम!