वहिनी, सायकल आणि पँटची गोष्ट

माझं माहेर जैनाबाद. बऱ्हाणपूरहून तापीचा पूल ओलांडला की आमचा काठ लागतो. नवीन माणसाला गावाची ओळख करून देताना आम्ही हटकून मुमताजची गोष्ट सांगतो. १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात गेली आणि तिला पहिल्यांदा पुरलं ते आमच्याकडच्या आहुखान्याच्या बागेत. सहा महिन्यांनी तिला आग्र्याला नेलं. ताजमहाल तिकडे झाला, आमच्याकडे केळीच्या बागा राहिल्या.

याच आहुखान्यापर्यंत आणि परत, अशी माझ्या वहिनींनी मागच्या उन्हाळ्यात सायकल सुरू केली. साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण चाललं की गुडघे दुखायचे. घरात भाचीला शाळेतून सरकारी योजनेत मिळालेली सायकल पडून होती. तिच्यात हवा भरली, चेनला तेल दिलं आणि वहिनी पहाटे साडेपाचला निघू लागल्या. मे महिन्यात आमच्याकडे सातनंतर ऊन असं काही चढतं की घराबाहेर पाय टाकवत नाही, त्यामुळे वेळ तीच योग्य होती. शिवाय अंधारात कुणी बघत नाही, हे मात्र त्या मला तेव्हा बोलल्या नव्हत्या.

मी पुण्यात दहा वर्षं सायकल चालवते. मला इतका आनंद झाला की विचार न करता एक पार्सल पाठवून दिलं. आत पॅड असलेली घट्ट काळी पँट आणि एक लालभडक जर्सी. माप अंदाजाने घेतलं, त्या दुकानातला सगळ्यात मोठा आकार. वहिनींनी माझा मान ठेवायचा म्हणून एकदा घातली. नेमका त्या दिवशी उशीर झाला, उजाडलं होतं आणि त्या पुलाच्या दिशेने गेल्या. तिथे उभ्या पोरांमधला एक जण ओरडला, "आंटी, टायर फूट जाएगा!" बाकीचे हसले. एकाने मोबाइल वर धरला.

वहिनी घरी आल्या, सायकल मागच्या खोलीत लावली आणि दोन महिने तिला हात लावला नाही.

मला हे कळलं ते दादाकडून, तेही उशिरा. मी लगेच फोन केला आणि अशा वेळी सगळे जे बोलतात तेच बोलले. लोकांकडे लक्ष देऊ नका, दोन दिवस बोलतील आणि गप्प बसतील. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही पुण्यात राहता. मला त्याच पुलावरून रोज भाजी आणायला जायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर मी बावन्न किलोची. पन्नाशीच्या बाईने घट्ट कपड्यात घराबाहेर पडणं म्हणजे काय, हे मला ठाऊक असेलही, पण त्यातला वजनाचा भाग मी कधी जगलेच नव्हते.

दिवाळीला गेले तेव्हा उपदेश करायचा नाही असं ठरवूनच गेले. स्वयंपाकघरात करंज्या करताना विचारलं, "वहिनी, पोरं सोडा. तसं काही त्रास होत होता का?" मग हळूहळू निघालं. मांड्या आतून घासून सोलवटायच्या. आतल्या कपड्याची शिवण नेमकी बसायच्या जागी टोचायची. सलवारीचा पाय दोनदा चेनमध्ये अडकला होता. मी पाठवलेल्या पँटने टोचणं थांबलं होतं, हे त्यांनी कबूल केलं, पण तिचं इलॅस्टिक पोटाखाली गुंडाळलं जायचं आणि जर्सी बसल्यावर कमरेवर चढायची. म्हणजे त्या कपड्यांनी निम्मं काम चोख केलं होतं. बाकीचं निम्मं अंगावर नीट बसत नव्हतं, आणि लोकांना दिसत होतं नेमकं तेच.

सायकलचे कपडे घट्ट का असतात हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. पॅड हलायला नको, कापडाला सुरकुती पडायला नको, कारण हजार वेळा पाय फिरला की एक सुरकुतीसुद्धा कातडी सोलते. म्हणूनच पॅडच्या पँटच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. हे पार्सलमध्ये चिठ्ठी घालून लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही. वहिनी दोन्ही घालत होत्या. पण घट्टपणाची गरज तेवढ्याच जागी असते. वर गुडघ्यापर्यंत कुर्ता घातला तर पँटच्या कामात काही फरक पडत नाही.

वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हणजे आत घालायची? वरून नाही?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे गेलो. या बाईंबद्दल मला लिहायलाच हवं. त्यांनी वहिनींचं माप घेतलं, पण एकही आकडा तोंडाने उच्चारला नाही. टेप लावायच्या, वहीत लिहायच्या, पुन्हा लावायच्या. शेजारी दोन बायका ब्लाऊज न्यायला बसल्या होत्या. मी इतकी वर्षं कपडे शिवते आहे, आकडे मोठ्याने न म्हणणारी शिंपीण पहिल्यांदा पाहिली. पँट दोन्ही बाजूंनी उसवून त्यांनी ताणणाऱ्या कापडाच्या पट्ट्या घातल्या आणि कमरेचं इलॅस्टिक काढून तळहाताएवढ्या रुंदीचं बसवलं. पॅडला मी हात लावू दिला नाही. कुर्ता पुढून थोडा आखूड, मागून लांब, कारण हँडलवर वाकलं की मागची बाजू वर जाते. बाजूच्या चिरा जरा जास्त उंच ठेवल्या. वर साधी सलवार, उजव्या घोट्याला रबरबँड. ओढणी घरीच. मांड्यांना खोबरेल तेल.

सायकलचंही थोडं केलं. भीतीपोटी वहिनींनी सीट अगदी खाली ठेवली होती, गुडघे दुखत होते ते त्यामुळेही. पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा इतकी ती वर घेतली. मागच्या चाकात हवा भरपूर भरली. टायर फुटला नाही. सीट मात्र रुंद, स्प्रिंगची घ्यावी लागली. गादीसारखी मऊ सीट घ्यायचा दादाचा आग्रह होता, ती मी घेऊ दिली नाही. त्यात माणूस रुततो आणि जास्त दुखतं.

रात्री वहिनी म्हणाल्या, "पण असला जुगाड कोण करतं का?" मी सांगितलं की १८९४ मध्ये ॲनी लंडनडेरी नावाची बाई बॉस्टनहून जगाच्या सफरीला निघाली ती लांब स्कर्ट घालूनच. वाटेत तो सायकलला सोयीचा नाही हे कळल्यावर ती ढगळ विजारीवर आली आणि पुढे तर पुरुषी पोशाखावर. लोक तिलाही बोलले असणारच. आणि आपल्या बारामतीच्या लता करे, साठी ओलांडल्यावर नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत मॅरेथॉन धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात कामही त्यांनीच केलं. वहिनींना ॲनीत फार रस नव्हता. लताबाईंचं मात्र दोनदा विचारलं, काष्टा घातला होता का म्हणून.

पहिले चार दिवस मी बरोबर गेले, दादाची सायकल घेऊन. आहुखान्यापाशी थांबून पाणी प्यायलो. वहिनी त्या पडक्या भिंतींकडे बघत म्हणाल्या, "चौदा बाळंतपणं झाली म्हणजे तीसुद्धा चांगली जाडच असणार हो." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की केळीला पाणी द्यायला आलेला माणूस थांबून बघू लागला.

पुलाकडे जायचं मी सुचवलं नाही. पाचव्या दिवशी मी पुण्याला परतले. संक्रांतीच्या सुमारास फोन आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, परवा पुलापर्यंत जाऊन आले. पोरं होती? होती. काही बोलली? "एक बोलला काहीतरी. मी ऐकलं नाही नीट, चढावर दम लागला होता."

साखर थोडी उतरली आहे, औषध सुरू आहे. वजन फारसं हललेलं नाही. गुडघे बरे आहेत. लाल जर्सी ट्रंकेत आहे, मी तिचा विषय काढत नाही.

हे लिहू का, असं वहिनींना विचारलं. "लिहा," म्हणाल्या, "पण माझं वजन लिहू नका. आणि ती पँट कुठे मिळते ते लिहा, बाया विचारतील."

तर ती मिळते तशी कुणालाच बसत नाही. मापापेक्षा मोठी, पुरुषांची असली तरी चालेल, आणायची आणि आपल्या शिवणाऱ्या बाईकडे न्यायची. पॅड उसवू नका म्हणावं.