सॅमच्या मोबाइलमध्ये काय होतं

लेकरांनी काय बघावं नि काय नाही, हे आमच्या कंधारात पूर्वी कुणी कुणाला विचारत नसे. माळेगावच्या यात्रेत बापाच्या मांडीवर बसून वगातला खून बघता बघता लेकरू तिथंच झोपून जायचं. आता विचारतात. परवा वहिनींनी विचारलं, “ताई, ‘दृश्यम’ बघू द्यावा का हो या दोघांना?” दोघं म्हणजे नववीतली भाची आणि दहावीतला भाचा.

या प्रश्नाला सरकारी उत्तर आहे. 1983 पासून सिनेमावरचा ‘यूए’ शिक्का म्हणजे पालकांच्या विचारानं बघा. 2024 च्या नियमांनी त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग केले. पण थिएटरच्या दारावर अडवतात ते फक्त प्रौढांसाठीच्या ‘ए’ला, बाकी सगळी पालकांना सूचना. ओटीटीवर कुलूप लावायची सोय आहे म्हणतात. आमच्या घरात ते खातं भाच्यानंच उघडून दिलेलं, तेव्हा किल्ली कुणाकडे हे सांगायला नको.

निशिकांत कामतांचा 2015 चा ‘दृश्यम’ रक्ताच्या हिशेबानं सौम्यच. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर, त्याची थोरली मुलगी, आणि तिचा आंघोळीचा व्हिडिओ चोरून काढणारा सॅम. आई हात जोडते, पोरगा ऐकत नाही, झटापटीत मरतो. पुढे दोन ऑक्टोबरला घरचे सगळे दुसरीकडेच होते असं पटवणारी विजयची सगळी रचना. मला स्वतःला बघवत नाही तो पोलीस गायतोंडे धाकट्या अनूला मारतो तो भाग. लहान लेकराला मारताना बघून मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो. पण वयाचा शिक्का ठरवताना आपण मोजतो ते रक्त आणि शिव्या.

मी म्हटलं, बघू द्या, पण आपण सोबत बसू.

भाची अनूच्या मारालाही एवढी दचकली नाही. व्हिडिओचा प्रसंग आला तशी पाय वर घेऊन, गुडघ्यात हनुवटी रोवून बसली. सिनेमा संपल्यावर म्हणाली, “आत्या, तिचा बाप एवढा हुशार नसता तर?” मला यात सिनेमाची खरी उणीव दिसली. अठराखालच्या मुलीचं असं चोरून चित्रीकरण 2012 च्या पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे. पण सिनेमात पोलीस अधिकाऱ्याचाच मुलगा घातल्यामुळे तक्रारीची वाटच बुजते. उरतो फक्त हुशार बाप. तो प्रत्येकीच्या नशिबी कुठला? तिला मी हे सगळं सांगितलं, चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 नंबरही सांगितला.

भाचा मात्र खुशीत होता. “काय डोकं लावलंय! पुरावाच नाही तर पोलीस काय करतेत?”

आपल्याकडे अशा वेळी पोरीची काळजी आधी करतात. मला पोराची जास्त वाटली. त्यानं विजयची तिकिटं, पावत्या, जबान्या सगळं पाठ केलं होतं. सॅमचं नावही काढलं नाही. म्हणून विचारलं, “सॅमनं तो व्हिडिओ मित्रांना दाखवला असंल का रे?”

“दाखवलाच असंल की,” तो लगेच म्हणाला.

“तुमच्या ग्रुपवर येतेत का असले?”

“कधी कधी.”

वहिनी भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आल्या. “कोण पाठवायलंय? नाव सांग.” भाऊही फोन ठेवून येऊन बसला. त्या रात्री आमची जेवणं व्हायला अकरा वाजले.